खंडेनवमीच्या साफसफाईत काकांचा जुना ४८६ बंद पडला, आता काय करायचं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मी कशाचं उत्तर देतोय ते इतरांनाही कळेल. निपाणीत तुमच्या काकांचा प्रेस आहे. तिथे १९९५ च्या सुमाराचा एक ४८६ जातीचा कॉम्प्युटर अजून रोज चालतो. त्यात मराठी आणि कन्नडसाठी सी-डॅकचं जिस्ट कार्ड आहे, प्रिंटरच्या पोर्टला डोंगल (तो असेल तरच सॉफ्टवेअर चालतं अशी छोटी किल्ली) आहे, आणि बटण दाबलं की थेट कामाचा मेनू यावा अशी मांडणी एका जुन्या मेकॅनिकनं करून दिलेली आहे. ते गृहस्थ आता हयात नाहीत. खंडेनवमीच्या पूजेआधी तुम्ही मशीन साफ करायला घेतलं. कॅबिनेट उघडलं, शेजारच्या गॅरेजमधून कॉम्प्रेसरची हवा मारली, कार्डं काढून पुसली, केबली काढून परत लावल्या, आणि बोर्डावरची हिरवट पाणी सुटलेली निळी बॅटरी कापून काढली. आता मेमरी मोजून होते, ‘सीमॉस चेकसम एरर’ येतं, तारीख १९८० दिसते. सेटअपमध्ये तुम्ही डिफॉल्ट्स घेतले, हार्ड डिस्कचा टाइप यादीतून अंदाजानं निवडला, आणि आता ‘मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम’ एवढी एकच ओळ येऊन मशीन थांबतं. एकानं सांगितलं की डिस्क गेली, फॉरमॅट करून देतो. काकांना तुम्ही अजून काही बोललेला नाहीत.

बेळगावात मी नव्वदच्या दशकापासून हेच काम करतो. उद्यमबागच्या फाउंड्र्यांची हिशेबाची मशीनं, सोसायट्या, प्रेस, सगळं हाताखालून गेलंय. त्यावरून पहिली गोष्ट सांगतो: तुम्ही दिलेल्या लक्षणांवरून तुमची डिस्क गेलेली दिसत नाही. ‘मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम’ ही ओळ बहुधा डिस्कच्याच पहिल्या सेक्टरमध्ये लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅममधून येते. ती पडद्यावर आली याचा अर्थ डिस्क फिरली, हेड जागेवर गेलं, पहिला सेक्टर वाचला गेला. केबलही बरोबर लागली आहे. त्या प्रोग्रॅमनं पुढचा सेक्टर शोधला, तो त्याला भलत्याच ठिकाणी सापडला, म्हणून तो थांबला. भलत्या ठिकाणी का सापडला, तर तुम्ही अंदाजानं निवडलेल्या टाइपमुळे.

हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. त्या काळच्या मशीनला डिस्कची मापं माहीत नसतात. सिलिंडर किती, हेड किती, एका ट्रॅकवर सेक्टर किती, हे तीन आकडे माणसानं सेटअपमध्ये भरायचे असतात. ते राहतात सीमॉस नावाच्या एवढ्याशा मेमरीत. १९८४ च्या आयबीएम एटी या कॉम्प्युटरमध्ये ती ६४ बाइटची होती, त्यातले १४ बाइट घड्याळालाच लागायचे. नंतरच्या बोर्डांत ती थोडी वाढली. वीज बंद असताना ती मेमरी जिवंत ठेवायचं काम तुम्ही काढलेल्या त्या निळ्या बॅटरीचं. बॅटरी गेली की ते आकडे जातात, आणि त्यांच्याबरोबर त्या मेकॅनिकनं वर्षांपूर्वी जुळवून ठेवलेल्या बाकीच्या खुणाही. डिस्कवरची अक्षरं मात्र होती तिथेच असतात.

म्हणून माझं म्हणणं असं की आजपर्यंत झालेलं नुकसान बहुतेक भरून येण्यासारखं आहे. न भरून येणारं नुकसान झालंच, तर ते यापुढे घाईत केलेल्या एखाद्या गोष्टीनं होईल. फॉरमॅट तर नाहीच. डिस्कचे भाग पाडणारा एफडिस्क उघडून ‘बघतो फक्त’ म्हणणंही नको. आणि जाणकार म्हणवणारे लोक ‘एफडिस्क /एमबीआर’ (पहिल्या सेक्टरमधला प्रोग्रॅम नव्यानं लिहिणारी आज्ञा) मारा असं सांगतात, तेही अजिबात नको. त्याचं कारण पुढे येईल. चुकीच्या मापांवर डिस्क नुसती वाचली तर काही बिघडत नाही, पण चुकीच्या मापांवर एक फाइल जरी लिहिली गेली तरी ती दुसऱ्या कुठल्या तरी मजकुराच्या डोक्यावर बसते.

मापं परत मिळवायचे रस्ते तीन-चार आहेत, आणि कुठला लागू पडेल हे तुमच्या मशीनवर अवलंबून आहे. सर्वात आधी कॅबिनेटच्या झाकणाची आतली बाजू आणि डिस्कचं लेबल बघा. आपल्याकडचे जुने मेकॅनिक हे आकडे पेनानं तिथेच लिहून ठेवायचे. साफसफाईत पुसले गेले नसतील तर निम्मं काम झालं. नाही तर कंपनीच्या छापील लेबलवर सिलिंडर, हेड, सेक्टर बहुधा असतातच. तिसरा रस्ता म्हणजे सेटअपच्या मुख्य पानावर ‘ऑटो डिटेक्शन’ असा पर्याय आहे का ते पाहणं. १९९४-९५ नंतरच्या बऱ्याच बोर्डांवर तो असतो, आणि तो डिस्कलाच तिची मापं विचारतो. नुसतं विचारतो, लिहीत काही नाही, त्यामुळे सुरक्षित आहे.

इथे एक अडचण येते. त्या काळच्या साध्या बायोसला (बोर्डावरच्या चिपमधल्या, मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमला) १०२४ सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टर यांच्या पुढे मोजताच येत नाही. ५१२ बाइटच्या सेक्टरनं गुणून बघा, साधारण ५२ कोटी ८४ लाख बाइट होतात, म्हणजे ५०४ एमबी. डिस्क त्याहून लहान असेल तर प्रश्न नाही; मापं भरा, चालेल. मोठी असेल, उदाहरणार्थ ८५० एमबीची, तर त्या मेकॅनिकनं ही मर्यादा ओलांडायला दोनपैकी एक काहीतरी केलं असणार. बायोसमध्ये सोय असेल तर मापं वेगळ्या हिशेबानं मोजणारा ‘एलबीए’ किंवा ‘लार्ज’ मोड निवडला असेल. ऑटो डिटेक्शन करताना तुमच्यासमोर नॉर्मल, एलबीए, लार्ज असे पर्याय येतील. पूर्वी ज्या मोडवर डिस्क तयार केली होती तोच मोड लागतो. चुकीचा मोड निवडला तर आताची ओळ जाऊन डॉस (मशीनची ऑपरेटिंग सिस्टिम) सुरू होता होता अडकेल किंवा ‘नॉन-सिस्टिम डिस्क’ असं काहीतरी येईल. तसं झालं तर वीज बंद करा आणि दुसरा मोड निवडून बघा.

बायोसमध्ये सोय नसेल तर त्यानं डिस्कच्या सुरुवातीलाच एक छोटा प्रोग्रॅम बसवला असेल, ऑनट्रॅकचा डिस्क मॅनेजर किंवा ईझी-ड्राइव्ह. बेळगावात त्या काळी हे सर्रास करायचे, कारण नवीन बोर्ड घेण्यापेक्षा ते स्वस्त पडायचं. हा प्रोग्रॅम पहिल्या सेक्टरपासून बसतो, डॉसच्या आधी जागा होतो आणि डॉसला मोठी डिस्क दाखवतो. अशा मशीनवर फ्लॉपीवरून थेट डॉस चालू केलं, तर मधला प्रोग्रॅम जागाच होत नाही आणि डिस्क रिकामी किंवा परकी दिसते. बघणारा म्हणतो, डिस्क कोरी झाली. मग तो ‘एफडिस्क /एमबीआर’ मारतो, आणि त्या मधल्या प्रोग्रॅमचा पाया खरोखर पुसला जातो. प्रेसवाल्यांचा वर्षानुवर्षांचा मजकूर या एका आज्ञेनं आवाक्याबाहेर गेलेला मी पाहिलाय. तुमच्या डिस्कवर असा प्रोग्रॅम असता तर पडद्यावर ओळ बहुधा दुसरी आली असती, त्यामुळे माझा कल टाइप किंवा मोड चुकला असण्याकडे आहे. पण तेवढ्यावर विसंबू नका, खात्री करून घ्या.

खात्री करून देणारा माणूस तुमच्या घरातच आहे. काकांना आज सांगा. त्यांच्या मनाला लागेल, बोलतीलही, आणि ते साहजिक आहे. त्या मशीनवर त्यांनी उमेदीची वर्षं काढलीत. पण रोज सकाळी त्या पडद्यावर काय येतं हे पाहणारा माणूस जगात तो एकच आहे. ‘काय बिघडलं’ ऐवजी ‘सकाळी तुम्ही काय काय करत होता’ असं विचारा. बटण दाबल्यावर निळ्या पट्टीत ‘स्पेसबार दाबा’ किंवा ‘कंट्रोल दाबून धरा’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ क्षणभर चमकायची का? चमकत असेल तर तो मधला प्रोग्रॅम आहे. मशीन आधी की प्रिंटर आधी चालू करायचे? एखादी ठरावीक फ्लॉपी घालावी लागायची का? तारीख कुठली दिसायची? माणसं अशा गोष्टी वर्षानुवर्षं हातानं करतात आणि कुणी विचारल्याशिवाय त्या सांगण्यासारख्या आहेत हे त्यांच्या लक्षातही येत नाही. मशीनसमोर खुर्ची टाकून त्यांना बसवा, हात चालवू द्या, आणि तुम्ही लिहून घ्या. माझ्या अनुभवात निम्मी कोडी याच वेळी सुटतात.

तारखेचं मुद्दाम विचारलं. २००० साल जवळ आलं तेव्हा काही ठिकाणी मशीनचं वर्ष २८ नं मागे टाकून ठेवलेलं मी बघितलंय, कारण २८ वर्षांनी तारीख आणि वार दोन्ही जुळतात. २०२५ च्या जागी १९९७ ठेवलं की सोमवार सोमवारीच येतो. काकांच्या मशीनवर असं असेल आणि तुम्ही खरं वर्ष घातलंत, तर एखादा जुना प्रोग्रॅम मुदत संपली म्हणून बसेल किंवा बिलांचा क्रम उलटा होईल.

मशीनला पुन्हा वीज देण्याआधी कॅबिनेटमध्ये काही गोष्टी बघायच्या आहेत. कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी आणि तेल साचतं, आणि दोन्ही हवेबरोबर बाहेर येतं. गॅरेजच्या कॉम्प्रेसरला गाळणी असेलच असं नाही. बोर्ड, कार्डं आणि मेमरीच्या पट्ट्या नीट वाळू द्या. स्लॉटमध्ये तेलकट थर दिसला तर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. निपाणीत वखारींच्या आसपासच्या मशीनमध्ये तंबाखूची बारीक धूळ असते, ती तेलाबरोबर चिकट होऊन बसते, तेव्हा जरा निगुतीनं. (उद्यमबागची धूळ याहून वाईट, तिच्यात लोखंडाचा कीस असतो आणि तो शॉर्ट करतो.) पुढच्या वर्षी कॉम्प्रेसर नको, मऊ ब्रश आणि हातानं दाबायचा रबरी ब्लोअर पुरे, आणि पंख्याची पाती हवेनं गरगर फिरू न देता बोटानं धरून ठेवायची.

त्या जोराच्या हवेनं आणखी एक गोष्ट होते: पिनांवर बसवलेले काळे छोटे जंपर उडतात. साफसफाईतला केर अजून टाकला नसेल तर तो चाळून बघा, आणि टेबलाखालीही. बोर्डाचा किंवा कार्डाचा आधीचा एखादा फोटो घरात असेल, अगदी मागच्या खंडेनवमीला हळदकुंकू लावून काढलेला, तर तो मोठा करून बघा. जिस्ट कार्ड आणि डिस्क व प्रिंटर ज्याला जोडतात ते मल्टी आय-ओ कार्ड, दोन्हींवर जंपर असतात. कार्ड कुठल्या पत्त्यावर उत्तर देईल हे तेच ठरवतात, त्यामुळे अंदाजानं एकही हलवू नका. कार्डं आधी कुठल्या स्लॉटमध्ये होती हे आठवत नसेल तर त्याची फार काळजी नको. जुन्या लांब काळ्या आयसा स्लॉटना पत्ता नसतो. कार्डाची लांबी बसली की कुठलाही चालतो.

कुठल्याही चिपवर कागदी स्टिकर असेल तर तो काढू नका. त्याच्याखाली काचेची खिडकी असू शकते, आणि उन्हातले अतिनील किरण त्या चिपमधला प्रोग्रॅम हळूहळू पुसतात. आणि बोर्डाचे दोन पॉवर कनेक्टर, पी-८ आणि पी-९, कधी काढावे लागले तर लावताना काळ्या वायरी मधे एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. उलटे लागले तर बोर्ड जागेवर जळतं. आत्ता ते बरोबर आहेत, त्यांना हात लावू नका.

बॅटरीचं. तुम्ही ती काढलीत हे योग्य केलंत, यात मन खाऊ देऊ नका. हिरवं पाणी सुटलेली निकेल-कॅडमियम बॅटरी आणखी एक पावसाळा राहिली असती तर तिच्या अल्कलीनं खालच्या तांब्याच्या रेघा खाऊन टाकल्या असत्या, मग बोर्डच गेलं असतं. ती जागा आता साफ करायची: कापसाच्या बोळ्यावर थोडा पांढरा व्हिनेगर, मग डिस्टिल्ड वॉटर, मग अल्कोहोल, आणि पूर्ण वाळवणं. कीबोर्डचा सॉकेट बहुधा शेजारीच असतो, तोही बघा. नवीन बॅटरी बसवताना एक चूक सगळीकडे होते. जुनी बॅटरी चार्ज होणारी होती आणि बोर्ड तिला चार्ज करत असतं. त्याच जागी सीआर २०३२ हा बटण सेल थेट जोडला, तर बोर्ड त्यालाही चार्ज करायला जाईल, आणि तो सेल त्यासाठी बनलेला नाही; फुगतो, फुटतो. मधे डायोड घालायला हवा. त्यापेक्षा बऱ्याच बोर्डांवर बाहेरची बॅटरी जोडायला चार पिनांची जागा असते, ती वापरा. कुठली पिन धन आणि कुठली ऋण, ते बोर्डावरच्या छापावरून आणि मल्टिमीटरनं पक्कं करा. सेल कॅबिनेटच्या कडेला, बोर्डापासून लांब बांधा, म्हणजे गळला तरी बोर्डावर गळणार नाही. याची घाई मात्र नाही. बॅटरीशिवायही मापं भरून मशीन चालवून बघता येतं, फक्त वीज गेली की पुन्हा भरावी लागतात.

पण चालवून बघण्याआधी डिस्कची प्रत. ही पायरी गाळू नका, कितीही मोह झाला तरी. डिस्क तीस वर्षांची आहे; आज फिरते, उद्याचं सांगता येत नाही. प्रत म्हणजे फाइलींची नकल नव्हे, पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत जशीच्या तशी प्रतिमा, कारण मधला प्रोग्रॅम, लपलेल्या फाइली आणि काही सॉफ्टवेअरच्या कॉपी-प्रोटेक्शनच्या खुणा साध्या नकलेत येत नाहीत. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडायची आणि लिनक्समधून, माउंट न करता (म्हणजे तिच्यावरच्या फाइली न उघडता), डीडी किंवा डीडीरेस्क्यू हा प्रत घेणारा प्रोग्रॅम चालवायचा. विंडोजला जोडू नका. ते ‘फॉरमॅट करायचं का’ विचारेल, आणि तुम्ही नाही म्हणालात तरी स्वतःहून डिस्कवर खुणा लिहू शकतं. यूएसबी अॅडॉप्टर चालेल की नाही हे डिस्कवर आहे. ५०० एमबीच्या आतल्या बऱ्याच जुन्या डिस्का त्यांना ओळखूच येत नाहीत. तेव्हा आयडीई पोर्ट (जुन्या डिस्कचा जोड) असलेला जुना पेंटियम लागतो. तो तुमच्याकडे नसेल तर हे काम जाणत्याकडे द्या. निपाणीहून कोल्हापूर जवळ, नाही तर बेळगाव. दोन्हीकडे हे करणारी जुनी माणसं आहेत. त्यांना शब्दशः सांगा: ‘फक्त इमेज घ्या, दुरुस्ती करू नका.’ आणि स्वतः शेजारी बसा.

आत्तापर्यंतचा क्रम सांगतो, कारण बरंच बोलून झालं. मशीन बंद ठेवायचं, काकांशी बोलायचं, कॅबिनेट वाळवून जंपर तपासायचे, डिस्कची प्रतिमा घ्यायची, आणि त्यानंतरच मापं भरून मशीन चालू करायचं.

डॉस सुरू झालं तरी मेनू लगेच येईलच असं नाही, आणि इथे लोक हताश होतात. जिस्टचा ड्रायव्हर चढताना कार्ड सापडत नाही म्हणाला, किंवा पडदा विचित्र झाला, तर आधी सेटअपमध्ये परत जा. तुम्ही डिफॉल्ट्स घेतलेत तेव्हा शॅडो रॅमचे (चिपमधला प्रोग्रॅम मेमरीत उतरवून चालवण्याचे) पर्याय बदलले असण्याची दाट शक्यता आहे. सी८००, डी००० असे पत्ते लिहिलेल्या ओळी दिसतील. कार्ड त्यांच्यापैकी एखादी जागा वापरत असेल आणि बायोसनं तिथे शॅडो चालू केली असेल, तर दोघं एकाच जागेवर बसतात. सिस्टिम आणि व्हिडिओ सोडून बाकी सगळ्या शॅडो बंद करा. मेकॅनिकनं कॉन्फिग डॉट सिस या डॉसच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये, मेमरी सांभाळणाऱ्या इएमएम३८६ च्या ओळीत ‘एक्स=’ असं लिहून एखादा पत्ता वगळलेला असेल, तर कार्ड कुठे बसतं याची ती चिठ्ठीच समजा. ती ओळ डिस्कवर आहे, बॅटरीबरोबर गेलेली नाही. कार्डाच्या मागून कुठली छोटी केबल व्हिडिओकडे जात होती का, हेही काकांना विचारा.

डोंगल सापडत नाही असं आलं, तर त्याचं कारण बहुधा साधं निघतं. तो थेट पोर्टला आणि प्रिंटर त्याच्या मागे, असाच होता ना? प्रिंटर बंद असताना काही डोंगल ओळखले जात नाहीत, म्हणून आधी प्रिंटर चालू करून बघा. पोर्टचा पत्ता ३७८ च हवा की दुसरा, ते मल्टी आय-ओ कार्डाच्या जंपरवर. पोर्ट बोर्डावरच असेल तर सेटअपमध्ये, आणि तिथे ईपीपी-ईसीपी हे वेगवान मोड असतील तर साधा मोड करून बघा. मशीन चालू असताना डोंगल काढू-घालू नका. तो जळाला तर दुसरा मिळणं जवळपास अशक्य आहे, त्यामुळे या सगळ्या सामानात मला सर्वात जास्त भीती त्याचीच वाटते.

आता तुमच्या प्रश्नाच्या शेवटच्या ओळीबद्दल: ‘हे मशीन जपण्यात अर्थ आहे का?’ मला वाटतं आहे, आणि त्याचं कारण आपल्या सीमाभागात चांगलं कळतं. जिस्टच्या मागे इस्की हे अक्षरांच्या कोडांचं कोष्टक आहे, १९९१ साली ते भारतीय मानक झालं. त्यात देवनागरी ‘क’ आणि कन्नड ‘ಕ’ यांना एकच कोड आहे, लिपी फक्त दाखवताना बदलते. त्याच्या जोडीचा इनस्क्रिप्ट कीबोर्डही असाच, एका जागी एकच व्यंजन, लिपी कुठलीही असो. म्हणून काका पत्रिकेची एक बाजू मराठीत आणि दुसरी कन्नडमध्ये त्याच बोटांनी लावतात. त्यांच्या फाइली खरोखर इस्कीत असतील, तर प्रतिमेतून त्या काढून युनिकोडमध्ये नेता येतात, आणि इतक्या वर्षांच्या पत्रिका, देवस्थानांचे अहवाल, स्मरणिका पुन्हा वाचता येतील. त्यांनी नंतर एखाद्या डीटीपी फॉन्टमध्ये काम केलं असेल तर थोडं जड जाईल. तिथे अक्षराऐवजी त्याच्या आकाराचा कोड साठवलेला असतो आणि प्रत्येक फॉन्टचं कोष्टक वेगळं असतं. म्हणून तो फॉन्टही प्रतिमेत जपला गेला पाहिजे.

आणि काकांना नव्या मशीनवर यायची भीती वाटत असेल, तर त्यांना सांगा की इनस्क्रिप्ट आज विंडोजमध्येही आहे, लिनक्समध्येही आहे, मराठीलाही आहे आणि कन्नडलाही आहे. जिस्टवर ते इनस्क्रिप्टच वापरत असतील तर बोटांना नव्यानं काही शिकवावं लागणार नाही. जुनं मशीन चालू झाल्यावर लगेच बाजूला सारा असं मी म्हणत नाही. रोजचं काम त्याच्यावरच राहू द्या, पण नव्या मशीनची खुर्चीही शेजारी असू द्या. डिस्कच्या जागी आयडीई अॅडॉप्टरवर कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड लावून प्रतिमा त्यावर चढवता येते. मधला प्रोग्रॅम असेल तर त्यात खटपट जास्त आहे, पण होतं. डॉसबॉक्ससारख्या एम्युलेटरमध्ये डॉस चालतं, मात्र जिस्ट कार्ड आणि डोंगल त्याच्यात येत नाहीत, त्यामुळे मूळ मशीनला पर्याय म्हणून त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

मशीन उभं राहिलं की सेटअपच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा, प्रत्येक कार्डाच्या दोन्ही बाजूंचे, जंपर वाचता येतील असे जवळून. कॉन्फिग डॉट सिस आणि ऑटोएक्झेक डॉट बॅट त्याच प्रिंटरवर छापून काढा. डिस्कची मापं जाड पेनानं कागदावर लिहून झाकणाच्या आत चिकटवा. पुढची खंडेनवमी करणारा तुम्हीच असाल असं नाही.

मला पुढचं सांगता यावं म्हणून एवढं पाठवा: डिस्कच्या लेबलचा फोटो, बॅटरी काढलेल्या जागेचा जवळून फोटो, सेटअपचं पहिलं पान (आधी काढलेला फोटो असेल तर, आत्ता त्यासाठी मशीन चालू करू नका), आणि काकांनी सकाळच्या पायऱ्या सांगितल्या तशा, त्यांच्याच शब्दांत. जंपर सापडला तर तो कुठे सापडला तेही लिहा. फॉरमॅट करून देतो म्हणणाऱ्याला आजच फोन करून नको म्हणा, आणि डिस्क त्याच्या दुकानात ठेवली असेल तर घेऊन या.